कललेले घर

दक्षिण फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स नगरालगत ‘जा द बुफां’ नावाची अठराव्या शतकातील हवेली आहे. १८५९ साली ती लुई-ओग्युस्त सेझान यांनी विकत घेतली. टोप्यांच्या व्यापारातून स्वतःच्या पेढीपर्यंत पोहोचलेल्या या करारी गृहस्थांना आपला पुत्र पॉल कायदेपंडित व्हावा असे वाटे. पुत्राने कुंचला पत्करला. मात्र चरितार्थासाठी तो पित्याने दिलेल्या तनख्यावरच अवलंबून राहिला. १८७२ साली आपणांस मुलगा झाला, ही गोष्टही त्याने पित्यापासून अनेक वर्षे लपविली. त्या मुलाच्या आईशी त्याचा विवाह झाला तो १८८६ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याच ऑक्टोबरात पिता निवर्तला.

याच सुमारास, १८८५ ते १८८७ च्या दरम्यान, पॉल सेझानने या हवेलीचे जे चित्र रंगविले ते आज प्रागच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. त्याची छापील प्रत प्रथम पाहिली तेव्हा चित्रकाराचा हात चुकला असावा, असे आम्हांस वाटले. घराच्या उभ्या कडा चक्क डावीकडे कललेल्या आहेत! पण वाचकहो, क्षणभर थांबून पाहावे. पिवळसर भिंती, हिरवळ आणि निळे आकाश रंगांच्या लहानलहान फटकाऱ्यांनी असे सांधले आहेत की, कललेले ते घर कोसळेल अशी शंका मनास शिवत नाही. मोने आदी दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी क्षणोक्षणी पालटणारा प्रकाश टिपला. सेझानला त्या प्रकाशात टिकणारे काहीतरी उभारावयाचे होते.

१८९७ साली आई गेली. वारसा तीन भावंडांत वाटला जावयाचा होता. १८९९ मध्ये वास्तू विकली गेली. जेथे चार दशके चित्रे काढली, दिवाणखान्याच्या भिंतीही रंगविल्या, ते घर साठीच्या उंबरठ्यावर त्याला सोडावे लागले. १९०६ साली तो वारला.

पुढे १९९४ मध्ये नगरपालिकेने ही हवेली विकत घेतली आणि जीर्णोद्धारानंतर २०२५ साली ती लोकांस खुली झाली. ज्या धनिकाने प्रतिष्ठेसाठी ती घेतली, त्याचे नाव आज पुत्रामुळेच घेतले जाते. पित्याला जो व्यवसाय निरर्थक वाटला, त्यानेच पित्याचे घर राखले, हे आम्हांस विशेष वाटते.