नीलावेधपूर्व संवेदनाहरण

नीलावेधपूर्व संवेदनाहरण : शस्त्रक्रियेपूर्वी औषधे व द्रव देण्यासाठी नीलेत (अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीत) सुई किंवा नलिका घालताना होणारी वेदना टाळण्याकरिता त्या जागेची त्वचा बधिर करण्याची पद्धती. शस्त्रक्रियेची वेदना नाहीशी झाल्यानंतरही कित्येक वर्षे या लहान वेदनेकडे वैद्यकाचे फारसे लक्ष गेले नाही.

सुश्रुतसंहितेत शिरावेधाचे सविस्तर वर्णन असून शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास मद्य द्यावे, असेही सांगितले आहे. ईथर (१८४६) व क्लोरोफॉर्म (१८४७) ही शुद्धिहारके हुंगवून दिली जात. त्यांसाठी सुई टोचावी लागत नसे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनने विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांसाठी रुग्णालय चालविले, तो काळ भारतात मुख्यतः क्लोरोफॉर्मचाच होता. १९३४ मध्ये अमेरिकेत थायोपेंटोन नीलेतून देण्यास प्रारंभ झाला. शुद्धी काही क्षणांत हरपू लागली. परंतु सुई मात्र शुद्धीवर असलेल्या रुग्णालाच टोचावी लागे. १९५० च्या सुमारास प्लॅस्टिकची नलिका प्रचारात आल्यावर नीलामार्ग दीर्घकाळ खुला ठेवता येऊ लागला.

कार्ल कॉलर (१८५७–१९४४) यांनी १८८४ मध्ये कोकेनाने डोळा बधिर करून दाखविला. अखंड त्वचेच्या शृंगी थरातून मात्र अशी द्रव्ये सहज आत शिरत नाहीत. नील्स लफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलेले लिग्नोकेन बारीक सुईने त्वचेत टोचल्यास ती लवकर बधिर होते. पण येथे एक वेदना टाळण्यासाठी दुसरी, सौम्य का होईना, सोसावी लागते. १९८० च्या सुमारास स्वीडनमध्ये यावर उपाय सापडला. लिग्नोकेन व प्रिलोकेन यांचे स्फटिक समप्रमाणात मिसळल्यास मिश्रणाचा वितळबिंदू सु. १८° से. पर्यंत उतरतो व त्याचे तेल बनते. प्रत्येकी २·५% प्रमाणात ही द्रव्ये असलेला लेप हवाबंद पट्टीखाली सु. ६० मिनिटे ठेवल्यास त्वचा बधिर होते. लेपामुळे त्वचा पांढुरकी पडून नीला आकुंचन पावू शकते, तसेच प्रिलोकेनामुळे तान्ह्या मुलांच्या रक्तातील हीमोग्लोबिनात विकार होण्याचा धोका असल्याने मात्रा काटेकोर ठेवतात. टेट्राकेनयुक्त लेप याहून लवकर परिणाम करतो.

अहमदनगर जिल्ह्यात जामखेड येथील सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प (१९७०) व लोणी येथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय (१९८४) यांमुळे आधुनिक उपचार खेड्यांच्या जवळ आले. अशा ठिकाणी या पद्धतीस महागडी यंत्रे लागत नाहीत, लागते ते पूर्वनियोजन. नियोजित शस्त्रक्रियेत लेपासाठी तासाभराचा अवधी राखता येतो; तातडीच्या वेळी लिग्नोकेन टोचणे किंवा त्वचा गार करणारा फवारा वापरणे सोयीचे ठरते. मुलांच्या बाबतीत याचे महत्त्व अधिक आहे; कारण पहिल्या टोचणीची भीती पुढील प्रत्येक उपचाराच्या वेळी जागी होते.