आमच्या गावच्या जानकीदेवी



स्मरणिकेसाठी ‘माझा आदर्श’ या विषयावर चार ओळी लिहाव्यात असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पत्राशिवाय दुसरे काही लिहिल्याचे आठवत नाही, आणि आता तर पत्रेही कोणी लिहीत नाही. पण बाई म्हणाल्या, “तुम्ही मंडळात जे बोलता तेच कागदावर उतरवा.” म्हणून हे धाडस करीत आहे. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

आदर्श म्हटले की आपण जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई, झाशीची राणी अशी नावे घेतो. ती घ्यावीतच. आपल्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात त्यांच्या तसबिरींना हार घालण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडेच आहे. पण खरे सांगायचे तर हार घालताना मला त्यांची थोडी भीतीच वाटते. त्यांचे मोठेपण इतके उंच, की आपल्या भाकरी-कालवणाशी त्याचा काही संबंध लागत नाही. मला जिचे चरित्र जवळचे वाटले ती बाई आपल्या वर्ध्याचीच. जानकीदेवी बजाज. त्यांच्या नावाचे विज्ञान महाविद्यालय आपल्या गावात आहे, आपल्यापैकी कितीतरी जणींची मुले तेथे शिकली. पण ‘जे. बी. सायन्स’ म्हणताना त्यातली ‘जे’ म्हणजे कोण, हे माझ्या मुलीला विचारले तर तिला सांगता आले नाही. मलाही तिच्या वयात आले नसते.

त्यांचा जन्म ७ जानेवारी १८९३ चा, माळव्यातल्या जावरा गावी, एका सनातनी वैष्णव मारवाडी कुटुंबात. आठ-नऊ वर्षांच्या असताना लग्न झाले आणि १९०२ साली त्या वर्ध्याला सासरी आल्या. नवरदेव जमनालालजी तेरा वर्षांच्या आतबाहेर. तेही या घरी जन्मलेले नव्हते. राजस्थानातल्या सीकरकडचे ते मूल वर्ध्याच्या बच्छराज सेठजींच्या घरी दत्तक आले होते. म्हणजे त्या मोठ्या वाड्यात दोघेही बाहेरचीच. घर श्रीमंत, सोन्याने मढलेले. सुनेने घुंगट ओढून बसायचे, सोवळे-ओवळे कडक पाळायचे. शाळा जवळपास नाहीच.

अशी ही सून पुढे काय काय करती झाली ते इतिहासाच्या पुस्तकात एका परिच्छेदात येते. मला मात्र त्यातला क्रम पाहावासा वाटतो, कारण तो क्रम बाईमाणसाच्या संसाराचा आहे. जमनालालजी गांधीजींच्या सहवासात आले आणि घरात एकेक गोष्ट बदलू लागली. जानकीदेवी २४ वर्षांच्या असताना पतीने सांगितल्यावरून त्यांनी अंगावरचे सोने उतरवले. ते असे उतरवले, की मरेपर्यंत परत घातले नाही. १९१९ साली पडदा सोडला. १९२१ च्या सुमारास, २८ व्या वर्षी, रेशमी वस्त्रे सोडून खादी धरली. घरातले परदेशी कापड होळीत गेले आणि त्या स्वतः सूत कातू लागल्या.

आता हे वाचून कोणी म्हणेल, यात बाईचे काय? नवरा सांगत गेला आणि ती ऐकत गेली. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले. मंडळाच्या कपाटात ‘मेरी जीवन-यात्रा’ हे त्यांचे हिंदी आत्मचरित्र आहे. ते मी हळूहळू, दुपारची आवराआवर झाल्यावर वाचले, तेव्हा विचार बदलला. नवऱ्याने सांगितले म्हणून हातातली बांगडी निघते, पण मन बांगडीसारखे निघत नाही. सात पिढ्यांचे सोवळे जिच्या हाडात मुरले, तिला ते सोडताना किती झगडावे लागले असेल याचा विचार पुरुषांनी लिहिलेल्या इतिहासात फारसा नसतो. शिवाय बाहेर भाषण देऊन घरी येणाऱ्या पुरुषाला लोक पुढारी म्हणतात. घरात राहून शेजारणींचे टोमणे ऐकणाऱ्या बाईला कोणी काही म्हणत नाही. पडदा सोडल्यावर पाणी भरायला, देवळाला, लग्नकार्याला त्याच बायकांत जायचे असते.

१९२८ सालची गोष्ट आपल्या सर्वांच्या पायाखालच्या रस्त्यावरची आहे. बजाज घराण्याचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर त्या वर्षी जुलै महिन्यात अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी उघडण्यात आले. हे किती अवघड होते ते समजण्यासाठी आजूबाजूला पाहावे. आदल्याच वर्षी, मार्च १९२७ मध्ये, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, आणि त्याबद्दल त्यांना मार खावा लागला. पुढे १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षे चालला तरी दार उघडले नाही. तेथे ज्यांचा हक्क होता ते दाराबाहेर उभे राहून मागत होते. येथे दार ज्यांच्या हातात होते त्यांनी ते उघडले. दोन्हींत फरक आहे, आणि मोठी हिंमत दाराबाहेरच्यांची होती, असेच मी म्हणेन. पण ज्या घरातल्या देवाला आपण सोवळ्याने नैवेद्य दाखवला, त्याच्या गाभाऱ्याकडे सगळ्यांना येऊ द्यायचे, ही गोष्ट त्या घरच्या सुनेलाही सोपी नव्हती. जातवाल्यांचा रोष ओढवून घेऊन जानकीदेवी त्यात पतीबरोबर उभ्या राहिल्या.

या बाबतीत सेवाग्रामच्या बांचीही आठवण होते. कस्तुरबा म्हणजे प्रत्यक्ष गांधीजींच्या पत्नी. पण १९३८ साली ओरिसात गेल्या असताना त्या पुरीच्या जगन्नाथाच्या दर्शनाला गेल्या. ते मंदिर तेव्हा सर्वांना खुले नव्हते, आणि गांधीजींना फार दुःख झाले. बांनी आपली चूक कबूल केली. मी सेवाग्रामला बा-कुटी पाहायला जाते (ती कुटी जमनालालजींनीच बांबाईंसाठी बांधवून घेतली, कारण आश्रमाच्या गर्दीत त्यांना बाईमाणसाला लागतो तेवढाही आडोसा नव्हता) तेव्हा मला बांच्या त्यागापेक्षा ही पुरीची गोष्टच आधी आठवते. इतकी वर्षे गांधीजींबरोबर काढूनही जुने मन एखाद्या दिवशी वर येते. मग आपली काय कथा!

११ फेब्रुवारी १९४२ ला जमनालालजी अचानक गेले. अखेरच्या दिवसांत ते गोपुरीला साध्या झोपडीत राहून गाईंचे काम करीत होते. जानकीदेवींच्या मनात तेव्हा सती जाण्याचे आले. एकोणपन्नास वर्षांची, सोने टाकलेली, पडदा टाकलेली, सत्याग्रहात तुरुंग भोगलेली बाई, आणि दुःखाच्या पहिल्या झटक्यात तिला लहानपणी ऐकलेली सतीच आठवली! १८२९ साली कायद्याने बंद झालेली गोष्ट शंभर वर्षांनी मनाच्या तळाशी तशीच होती. गांधीजींनी त्यांना समजावले की पतीचे काम पुढे नेणे हेच खरे सती होणे. त्यांनी ते मानले, आपल्या वाट्याचे धन गोसेवेला दिले आणि गोसेवा संघाचे अध्यक्षपद घेतले. पुढे विनोबांच्या भूदानात त्या पायी हिंडल्या. विहिरींसाठी दान मागायचे, ते कूपदान, हे त्यांचे खास काम. मला ते फार आवडते. जमीन मिळाली तरी पाण्यावाचून कोरडवाहू शेतकऱ्याचे काय होते, हे वर्धा जिल्ह्यातल्या बाईला सांगावे लागत नाही. १९५६ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. २१ मे १९७९ ला त्या वारल्या.

माझ्या सासूबाईंनी त्यांना पाहिले होते. पवनारच्या बाजूला एका कार्यक्रमात, पांढऱ्या खादीतली म्हातारी बाई. सासूबाई ते मोठ्या अभिमानाने सांगत. “माताजींच्या मी पाया पडले आहे,” असे म्हणत. आणि त्याच सासूबाईंनी आमच्या मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या भिंतीच्या कोनाड्यात एक कपबशी वेगळी ठेवली होती. आमच्याकडे झाडलोटीला येणाऱ्या बाईंची. त्यांनी चहा घ्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात ठेवायचा.

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षे झाली. ती अकरा वर्षे ती कपबशी मी तशीच चालू ठेवली. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली ती पाळणे गुन्हा ठरवणारा कायदा आला, हे मी मुलीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून तिला पाठ करून घेतले आहे, तेही त्याच ओट्यावर बसून. माझ्या मनात वाईट काही नव्हते, असे मी म्हणू शकते. पण कोनाड्यातल्या कपाला माझ्या मनाचे काय?

जानकीदेवींचे पुस्तक संपले त्या आठवड्यात एका सकाळी मी घरातल्याच कपात चहा ओतून बाईंना दिला. त्यांनी कप पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “ताई, हा तुमचा हाय. माहा तिकडं हाय ना.” मी म्हटले, “आजपासून हाच.” त्या म्हणाल्या, “काहून? काही झालं का?” मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. पुस्तक वाचले म्हणून, असे सांगायची लाज वाटली. बावीस वर्षे ज्या आमच्या घरी येत आहेत त्यांना, मी आत्ता एक पुस्तक वाचले, असे कसे सांगायचे?

त्यांनी चहा घेतला, पण उभ्यानेच. कप विसळून कोठे ठेवावा हे न कळून तो हातातच धरून राहिल्या. मी तो घेतला आणि फडताळात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा कोनाड्यातलाच कप काढला. पंधरा दिवस हे असे चालले. मग मी ती कोनाड्यातली कपबशी उचलून तुळशीला पाणी घालायला घेतली. आता त्या ओट्याशी बसून चहा घेतात, कधी साखर कमी पडली तर बोलतात. घरातल्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी मात्र तेव्हापासून आमच्याकडे चहा घेणे बंद केले आहे.

सोने उतरवण्याचे मी अजून मनावर घेतलेले नाही. माझ्या दोन पाटल्या आहेत आणि त्या मुलीच्या नावाने ठेवल्या आहेत, हे येथे प्रामाणिकपणे सांगते. ‘मेरी जीवन-यात्रा’ मी मंडळाच्या कपाटात परत ठेवले आहे. पाने जरा सुटली आहेत, तेव्हा जी नेईल तिने कव्हर घालून न्यावे.