चित्र मुलाचे, हात कोणाचा?

काशीचे आणि महाराष्ट्राचे नाते सांगावयाचे झाले म्हणजे आमची जीभ सहजच गागाभट्टांकडे, अहल्याबाईंच्या विश्वेश्वर मंदिराकडे किंवा मराठी सरदारांनी बांधलेल्या घाटांकडे वळते. ते योग्यच आहे. परंतु याच नगरीतून एक लहानशी वाट विदर्भातील वर्ध्यास गेली आणि त्या वाटेने प्राथमिक शाळेतील मुलांच्या चित्रकलेचा व हस्तव्यवसायाचा एक नवा विचार चालत गेला, हे आमच्यापैकी थोड्यांच्याच ध्यानात असते. आम्ही बदलीच्या नोकरीतील माणसे. दर तीनचार वर्षांनी आमच्या मुलांची शाळा बदलते, लिपी बदलली नाही तरी बोली बदलते, वर्गातील सोबती बदलतात. ज्या मुलाला नव्या गावात अजून बोलता येत नाही, त्याला काढता मात्र येते. म्हणून ही कथा आमच्या जिव्हाळ्याची आहे.

आपल्याकडील शाळांत चित्रकला शिरली, ती मुलांच्या आनंदासाठी नव्हे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. देशी कारागिराचा हात आणि डोळा सुधारावा, हा तिच्या आरंभीच्या हेतूंपैकी एक मोठा हेतू होता. शिकविण्याची पद्धत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची. आधी सरळ रेघ, मग वक्र, मग घन आणि शंकू, त्यानंतर प्लास्टरच्या नमुन्यांची नक्कल, असा तो जिना होता. त्याच परंपरेतून आलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षा, अभ्यासक्रम पुष्कळ पालटला असला, तरी महाराष्ट्रात आजही होतात. या शिस्तीने हाताला नेटकेपणा आला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण फुलदाणीच्या दोन्ही बाजू सारख्या काढण्यात गुंतलेल्या आठ वर्षांच्या मुलाला स्वतःचे काही सांगावयाचे असेल, ही शंका त्या पद्धतीला कधी शिवली नाही.

शाळेबाहेर मात्र मुले आपले काम करीतच होती. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर अळीव पेरतात, बुरुजावर मावळे चढतात. पूर्व उत्तर प्रदेशात आणि बिहारात त्याच दिवाळीत मुली मातीचे घरौंदे रचतात, रंगवितात आणि त्यांत दिवा लावतात. किल्ल्याचा नकाशा कोणी फळ्यावर काढून दिलेला नसतो आणि घरौंद्यास कोणी गुण देत नाही. दोन प्रांतांतील ही दोन कामे म्हणजे कोणत्याही शिक्षणखात्याने न लावलेला कलेचा तासच होय.

हा तास शाळेत आणावा, असे वाटणारी माणसे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निरनिराळ्या देशांत पुढे आली. व्हिएन्ना येथे फ्रान्झ चिझेक यांनी 1897 साली मुलांचा वर्ग सुरू केला आणि मुलांना नकलेतून मोकळे केले. रवींद्रनाथांनी 1901 साली शांतिनिकेतनात शाळा काढली. 1919 साली तेथे कलाभवन उभे राहिले आणि नंदलाल बोस त्याचे प्राण झाले. काशीतही त्याच काळात नव्या शिक्षणाचे वारे वाहत होते. अॅनी बेझंट यांनी 1898 साली सेंट्रल हिंदू कॉलेज स्थापन केले, 1904 साली मुलींची शाळा निघाली, 1916 साली हिंदू विश्वविद्यालयाची प्रतिष्ठापना झाली. राय कृष्णदास यांनी 1920 साली जे भारत कला भवन सुरू केले, ते 1950 साली या विश्वविद्यालयाकडे आले.

या विश्वविद्यालयात फणिभूषण अधिकारी हे तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. त्यांची एक कन्या राणू हिचा बालपणीच रवींद्रनाथांशी पत्रव्यवहार जुळला. पुढे लेडी राणू मुखर्जी या नावाने त्या कलकत्त्याच्या ललितकला अकादमीच्या आधारस्तंभ झाल्या. दुसरी कन्या आशा. काशीत अध्यापन करून त्या शांतिनिकेतनात मुलांच्या शिक्षणासाठी गेल्या. रवींद्रनाथांचे सचिव राहिलेले सिंहलद्वीपाचे आर्यनायकम यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि हे दांपत्य गांधीजींच्या ओढीने वर्ध्यास आले. काशी, शांतिनिकेतन आणि वर्धा ही तीन ठिकाणे अशी एका बाईच्या आयुष्यात ओवली गेली.

त्याच सुमारास नंदलालबाबूंचा हातही मराठी मातीला लागला होता. डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातील फैजपूर या खेड्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथील सजावट त्यांनी बांबू, गवत, चटया अशा गावातच मिळणाऱ्या वस्तूंतून केली. कला ही श्रीमंती सामानावर अवलंबून नाही, हा धडा हजारो खेडुतांनी डोळ्यांनी पाहिला.

पुढे दहा महिन्यांनी, 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 या दिवशी, वर्ध्याची शिक्षण परिषद गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात आपला अहवाल दिला. समितीत आर्यनायकम आणि आशादेवी दोघेही होती. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तव्यवसायाच्या भोवती गुंफलेले, अशी ती योजना. अभ्यासक्रमात चित्रकलेला व संगीताला स्वतंत्र जागा होती. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा या कलमावर मात्र वाद माजला, प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच विरोध नोंदविला. कमाईच्या नादात शिक्षणाचा हेतू बाजूस पडू नये, असा इशारा अहवालानेही दिला होता. तो इशारा पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिला. टकळी फिरली, सूत मोजले गेले, आणि मुलाच्या हातातून नकलेची वही जाऊन तिच्या जागी सुताची लडी आली.

या योजनेला तिचे हरवू पाहणारे अंग देण्याचे काम सेवाग्रामात झाले. शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद 1944 साली तेथे कलाशिक्षक म्हणून आले आणि 1962 पर्यंत राहिले. ते स्वतः चित्रकार आणि कुंभारकामाचे जाणकार. कला हा शिक्षणाचा पायाच आहे, या सिद्धान्तावर त्यांनी पुढे ग्रंथ लिहिला. शिक्षकाने साहित्य द्यावे, वातावरण द्यावे, पण मुलाच्या चित्रावर आपली रेघ ओढू नये, हे त्या विचाराचे सार. सूतकताई चालणाऱ्या शाळेतच मुलाच्या मनातील चित्रालाही मान मिळू शकतो, हे तेथे दिसून आले.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ हेच कार्य शिशुवर्गासाठी करीत होत्या. 1945 साली बोर्डीस आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी माँटेसोरींच्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने आणि खडे आणले. आदिवासी मुलांना ही साधने शिकवावी लागली नाहीत. ती त्यांच्या ओळखीचीच होती.

सेवाग्रामची मूळ शाळा काळाच्या ओघात बंद पडली; 2005 साली ती आनंद निकेतन या नावाने पुन्हा उभी राहिली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कलेशी जोडलेले शिक्षण मान्य केले आणि सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर न घेता स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, असे सुचविले. कागदावर तरी वर्ध्याचा विचार परतला आहे.

परंतु घरोघरी काय दिसते? शाळेने 'प्रोजेक्ट' सांगितला, की बाप संध्याकाळी कचेरीतून येताना पुठ्ठा, चमकीचा कागद आणि छापील चित्रे विकत आणतो. आई कातरते, बाप चिकटवितो, आणि मूल बाजूस बसून झोपेने पेंगते. साहेबाच्या टेबलावर जाणारा मसुदा जितका स्वच्छ असावा, तितकाच हा किल्ला किंवा पाणचक्की स्वच्छ असावी, अशी आम्हां फायलींत वाढलेल्यांची समजूत असते. नकलेच्या वहीने मुलाचा हात बांधला, टकळीने त्यास राबविले. आम्ही तर तो हातच रजेवर पाठविला आहे.

ज्यांची नेमणूक काशीस आहे, त्यांना उपाय फार दूर शोधावा लागत नाही. खोजवां आणि काश्मीरीगंज या मोहल्ल्यांत लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंगाचा पट्टा उमटतो. सावंतवाडीच्या चितारआळीतील खेळणी ज्याने पाहिली आहेत, त्या मराठी मुलाला ही कला परकी वाटणार नाही. एखाद्या रविवारी मुलांना तेथे न्यावे, घरी आल्यावर माती आणि रंग पुढे ठेवावेत, आणि मग आपण उठून दुसऱ्या खोलीत जावे. जे तयार होईल ते वाकडे असेल. ते तसेच शाळेत जाऊ द्यावे. पुढच्या बदलीच्या वेळी सामानाच्या यादीत त्याचीही नोंद करावी.