ब्रँडनमधला सातवा एंड

नोव्हेंबर 1997. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातलं ब्रँडन. कीस्टोन सेंटरच्या गॅलरीत तुम्ही दाटीवाटीने बसला आहात. आज जिंकणारा संघ कॅनडाकडून फेब्रुवारीत नागानो ऑलिंपिकला जाईल आणि महिला कर्लिंगचं ऑलिंपिक पदक पहिल्यांदाच दिलं जाईल. या निवड स्पर्धेच्या अंतिम सामन्याचा सातवा एंड, म्हणजे सातवा डाव, चालू आहे.

बर्फ नीट बघा. पाण्याचे थेंब शिंपडून गोठवल्यामुळे तो काचेसारखा गुळगुळीत नाही, हात फिरवला तर खरखरीत लागेल. साधारण वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड या बारीक पुटकुळ्यांवरून सरकतो आणि सोडताना दिलेल्या हलक्या फिरकीने हळूहळू वळत जातो.

ती बघा, सँड्रा श्मर्लर. वय 34. सस्कॅचवान प्रांतातल्या बिगर या छोट्या गावची. आता रिजायनात एका क्रीडा केंद्रावर नोकरी करते, घरी सप्टेंबरात जन्मलेली लेक आहे. 1993, 1994 आणि याच वर्षी जगज्जेतेपद मिळवलेल्या संघाची ती कर्णधार, इथल्या बोलीत स्किप. तरी नोकरी तिला सुटलेली नाही. या खेळातली कारकीर्द अशी पगार, बाळाचं दूध आणि संध्याकाळचा सराव यांतून वेळ काढून उभी राहते. मला तिच्या पदकांइतकाच या ओढाताणीचा आदर वाटतो.

प्रतिस्पर्धी स्किप शॅनन क्लाइब्रिंकचा दगड लक्ष्य असलेल्या वर्तुळांच्या मध्याजवळ ठाण मांडून बसलाय. सरळ जायची वाट बंद आहे. सँड्रा वेगळीच वाट निवडते: बाजूला असलेल्या दगडावर आपला दगड आपटायचा आणि तिथून तिरका उसळवून मधला दगड उडवायचा. कॅरमवर असा फटका बघितलाय तुम्ही. पण इथे सोंगटी वीस किलोची आहे आणि लक्ष्य तीस मीटरांपेक्षा लांब.

ती वाकते. पलीकडच्या टोकाला तिच्या संघातली जॅन बेटकर झाडू टेकवून निशाण दाखवते. सँड्रा पायाने जोर देऊन घसरत पुढे येते, एक गुडघा जवळजवळ बर्फाला टेकलेला, डोळे त्या झाडूवर खिळलेले. मूठ सुटते.

आता दगडाला हात लावायची मुभा कोणालाच नाही. संघातल्या उरलेल्या दोघी, जोन मॅककस्कर आणि मार्शा गुडराइट, दगडाच्या पुढे तयार आहेत. झाडूच्या घर्षणाने बर्फाचा वरचा थर जरासा गरम होतो, दगड लांब जातो आणि कमी वळतो. त्यामुळे घासायचं की थांबायचं, हा प्रश्न क्षणाक्षणाला सोडवावा लागतो. स्किपकडे उरतो तो फक्त आवाज. फेकणारी एक, दिशा धरणारी दुसरी, वेग राखणाऱ्या दोघी: अशा चौघींचा मिळून तो एक फटका होतो. कर्लिंग मला भावतं ते याचसाठी.

ठण्ण! बाजूचा दगड हलतो, सँड्राचा दगड आत वळतो आणि मधला दगड बाहेर भिरकावला जातो. तीन गुण! तुमच्या शेजारची माणसं उभी राहून ओरडताहेत, तुम्हीही उठलाच आहात. सामना 9-6 असा संपतो.

पुढे कारुइझावा, फेब्रुवारी 1998. नागानो ऑलिंपिकचं कर्लिंग इथे आहे. उपांत्य फेरीत ब्रिटनविरुद्ध ज्यादा एंडमध्ये 6-5. मग डेन्मार्कला 7-5 असं हरवून सुवर्ण.

मार्च 2000 मध्ये थांबणं जड जातं, पण थांबावंच लागेल. धाकट्या लेकीच्या जन्मानंतर काही महिन्यांतच कर्करोगाचं निदान झालं आणि 2 मार्चला, वयाच्या 36व्या वर्षी सँड्रा गेली. अंत्यसंस्काराचं थेट प्रक्षेपण देशभर टीव्हीवर झालं. एखाद्या कर्लिंगपटूसाठी देश असा थांबतो, कारण प्रेक्षकांतल्या अनेकांना ती आपल्याच क्लबमधली वाटायची.

2001 मध्ये तिच्या नावाने संस्था उभी राहिली. जन्मतःच जिवावर बेतलेल्या बाळांसाठी रुग्णालयांना उपकरणं घेता यावीत म्हणून ती पैसा उभा करते. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या काळात टीव्हीवरून देणग्यांचं आवाहन होतं.