बंदुकीचा धक्का आणि शिकाऱ्याचा खांदा

गोळी पुढे जाते, तेव्हा बंदुकीचा दस्ता मागे खांद्यावर आदळतो. हा धक्का केवढा महाग पडतो, ते फ्रेडरिक सेलूस यांच्याकडून ऐका. हे इंग्रज शिकारी १८७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. हत्तीसाठी त्यांच्याकडे ४ बोअरच्या बंदुका होत्या. एकदा चुकून दुप्पट दारू भरली गेली. ते हवेत उचलले गेले, दस्त्याचे तुकडे झाले, उजव्या गालावर खोल जखम झाली. जखम भरली; पण या बंदुकांनी आपला नेम कायमचा बिघडवला, अशी खंत त्यांनी लिहून ठेवली. कारण सोपे आहे. मेंदू धक्का विसरत नाही. चाप ओढण्याआधीच स्नायू आखडतात.

त्याच दशकात लंडनच्या सिल्व्हर कंपनीचे रबरी पॅड आले. रबर दबते, त्यामुळे धक्का जास्त वेळात आणि जास्त जागेवर विभागला जातो. मात्र फार मऊ पॅड पूर्ण दबले की टणकच लागते. शिवाय पॅडच्या जाडीइतके लाकूड कापले नाही, तर दस्ता लांब होतो आणि खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकतो.

तुम्ही नेमबाजी करता? मग दस्ता आपल्या मापाचा करून घ्या. हाताला मुंग्या येत असतील, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.