काडेपेटीतला रणगाडा

माझ्याकडे काडेपेटीत मावणारा एक रणगाडा आहे. लांबी तीन सेंटीमीटरच्या थोडी वर, उंची दीडपेक्षा कमी. इटलीच्या 'एल३' नावाच्या गाडीची ही शंभर पट लहान प्रतिकृती. खरी गाडीसुद्धा काही अवाढव्य नव्हती. वजन तीन टनांच्या आसपास आणि उंची एवढी कमी, की शेजारी उभं राहिलात तर तिचं छत तुमच्या छातीपर्यंतच येईल. आत दोन माणसं खांद्याला खांदा लावून कोंबलेली. या जातीच्या बुटक्या गाड्यांना टँकेट म्हणायचे.

महिन्यातल्या एखाद्या रविवारी मी आणि माझा मावसभाऊ त्याच्या जेवणाच्या टेबलावर युद्ध मांडतो. जाडजूड पुस्तकांवर हिरवी चादर टाकली की डोंगर तयार. निळी रिबीन म्हणजे नदी. अंतर मोजायला शिंप्याची टेप आणि नशिबासाठी फासे. मावशी दारातून बघते आणि म्हणते, "लग्नाच्या वयाची पोरं गाड्या गाड्या खेळतायत." तिला उत्तर द्यायच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

खेळ सोपा आहे. आपली पाळी आली की गाडी ठरलेले सेंटीमीटर पुढे न्यायची, मग गोळी झाडायची. गोळी लागली की नाही ते फासा सांगतो. लागली तर चिलखत फुटलं का, हे दुसरा फासा सांगतो. आपली बरीच माणसं पडली तर उरलेली टिकणार की पळणार, हे ठरवायला आणखी एकदा फासा टाकायचा. या शेवटच्या फेकीला आम्ही 'मनोधैर्य' म्हणतो. कल्पना आमची नाही. फासे टाकून युद्ध खेळायची पद्धत प्रशियाच्या सैन्यात १८२४पासून आहे. राइसविट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने नकाशा, फासे आणि पंच यांचा खेळ बसवला आणि तो तिथल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला.

दुसऱ्या महायुद्धाचे खेळ जगभर खेळले जातात. तिथे टायगर, शर्मन, टी-३४ असली मोठी नावं असतात. मला मात्र १९१९ ते १९३९ या मधल्या वीस वर्षांचं वेड लागलं. कारण त्या काळातल्या चिलखती गाड्या थोड्या हास्यास्पद आहेत. कुणाला मनोरा नाही, कुणाला तोफ नाही. रणगाडा म्हणजे नेमकं काय असावं, याचा शोध तेव्हा चाललेला होता. आणि खिशात पैसे नव्हते.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनकडे रणगाडे होते, पण नवे बांधायला पैसा नव्हता. १९२५मध्ये मार्टेल नावाच्या एका ब्रिटिश लष्करी इंजिनिअरने घरीच, मोटारींचे सुटे भाग जोडून, एका माणसापुरता रणगाडा बनवला. ती कल्पना जॉन कार्डन आणि व्हिव्हियन लॉइड या दोघांनी पुढे नेली. १९२८च्या सुमारास त्यांची कंपनी व्हिकर्स-आर्मस्ट्राँगने घेतली आणि कार्डन-लॉइड टँकेट जगाच्या बाजारात आला. इटली, पोलंड, सोव्हिएत रशिया, चेकोस्लोव्हाकिया या सगळ्यांनी तो बघून आपापले टँकेट घडवले. एका मोठ्या रणगाड्याच्या पैशात असे कित्येक यायचे. संचलनात ओळीने निघाले की सैन्य आधुनिक दिसायचं.

१० डिसेंबर १९३५ रोजी जॉन कार्डन इंग्लंडमध्ये एका विमान अपघातात गेला. त्यानंतर पाचच दिवसांनी इथिओपियात त्याच्या कल्पनेची परीक्षा झाली.

ही डेंबेगिना खिंडीची लढाई, आमच्या टेबलावरची सगळ्यात लाडकी. मुसोलिनीच्या सैन्याने ऑक्टोबरमध्ये इथिओपियावर आक्रमण केलं होतं. १५ डिसेंबरला रास इम्रूच्या सैन्याने टाकाझे नदी ओलांडली आणि इटालियन अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या एरिट्रियन तुकडीला खिंडीत गाठलं. तुकडीसोबत एल३ टँकेट होते. इथिओपियन सैनिकांकडे रणगाडाविरोधी काहीच नव्हतं. रायफली होत्या, तलवारी होत्या आणि एक निरीक्षण होतं. एल३ला फिरता मनोरा नाही. तिच्या मशीनगनी पुढच्या पत्र्यात बसवलेल्या. त्या डावी-उजवीकडे थोड्याच वळतात, मागे अजिबात नाही. मागून गेलं, की ती गाडी म्हणजे नुसती लोखंडी पेटी.

आम्ही पहिल्यांदा ही लढाई मांडली तेव्हा इटली माझ्याकडे होती. तिसऱ्या पाळीपर्यंत मी मजेत होतो. मग मावसभावाने चादरीच्या घडीआड लपवलेली माणसं काढली आणि माझ्या मागे आणून ठेवली. मला एकेक गाडी जागच्या जागी वळवायला लागली. आमच्या नियमात वळायला अर्धी पाळी खर्ची पडते. एक वळवली की दुसरीची पाठ उघडी. सहाव्या पाळीला माझा शेवटचा टँकेट गेला आणि मावसभावाने पोह्यांची बशी पुढे सरकवली. हरलो तरी आनंद झाला. टेबलावरही जवळपास तेच घडलं होतं. खिंडीत बरेच टँकेट बंद पडले, चालक मारले गेले, इटालियन तुकडीला माघार घ्यावी लागली.

"पुढची लढाई काय?" मावसभावाने विचारलं.

पुढे काय झालं ते मी वाचलं होतं. डिसेंबर संपायच्या आत इटलीच्या विमानांनी टाकाझेच्या परिसरात इम्रूच्या माणसांवर मस्टर्ड वायू टाकला. असली अस्त्रं वापरणार नाही, अशी सही इटलीने १९२५च्या जिनिव्हा करारावर केलेली होती. वायूने कातडी भाजते, डोळे जातात, आणि त्या सैनिकांना आपल्याला काय होतंय हेच कळत नव्हतं. मी मावसभावाला हे सांगितलं. त्याने थोडा वेळ टेबलाकडे बघितलं आणि माणसं डब्यात भरायला घेतली. त्या लढाईसाठी आम्ही नियम लिहिले नाहीत. काय लिहिणार? एक बाजू विमानातून फासा टाकणार आणि दुसरी बाजू माणसं उचलणार. त्यात खेळायचं काय?

तेव्हा मी हा विचार तिथेच सोडून दिला. आम्ही दुसऱ्या लढायांकडे वळलो. मार्च १९३७, स्पेन, ग्वादालाहाराची लढाई. तिथे एल३समोर सोव्हिएत टी-२६ आले. त्यांना मनोरा होता आणि ४५ मिलिमीटरची तोफ होती. एल३ची मशीनगन त्यांना ओरखडे काढण्यापलीकडे काही करू शकत नव्हती. सप्टेंबर १९३९, पोलंड. तिथल्या टीकेएस टँकेटपैकी थोड्यांनाच २० मिलिमीटरची तोफ मिळालेली. त्यातल्या एकात बसून रोमान ऑर्लिक नावाच्या पोलिश सैनिकाने जर्मन रणगाडे उडवले. पण बाकीच्या टँकेटकडे मशीनगनच होती आणि पोलंड महिन्याभरात पडला.

अशा आठ-दहा लढाया खेळल्यावर माझ्या वहीत एक गोष्ट स्पष्ट दिसायला लागली. समोर तोफ असेल किंवा नुसती हुशार, डोंगर माहीत असलेली माणसं असतील, तरी या गाड्या हरतात. मग वीस वर्षं इतक्या सरकारांनी हलक्या चिलखती गाड्या कशाला बाळगल्या? त्या जिंकत तरी कुठे होत्या?

उत्तर टेबलावर सापडलं नाही. ते नगरला सापडलं.

अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. १९९४मध्ये सुरू झालेलं. रणगाड्यांच्या गर्दीत तिथे एक रोल्स-रॉइस आहे. सिल्व्हर घोस्ट मोटारीच्या सांगाड्यावर चढवलेलं चिलखत, वर गोल मनोरा. या प्रकारच्या गाड्या ब्रिटिशांनी इराकच्या वाळवंटात वापरल्या, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर वापरल्या. मी बराच वेळ तिच्याभोवती फिरलो, फोटो काढले आणि घरी येऊन तशीच छोटी गाडी मागवली. डोक्यात होतं, की आता आपल्याकडची लढाई मांडायची. हिंदुस्थान, दोन महायुद्धांच्या मधला काळ, चिलखती मोटारी. पुस्तकं काढून शोधायला बसलो.

पहिलीच नोंद अमृतसरची निघाली. १३ एप्रिल १९१९.

जालियनवाला बाग आपण शाळेत शिकतो. पन्नास बंदूकधारी, दहा मिनिटांच्या आसपास गोळीबार, १,६५० फैरी, सरकारी आकड्यानुसार ३७९ मृत, काँग्रेसच्या चौकशीनुसार हजाराच्या घरात. पण डायर त्या दिवशी दोन चिलखती मोटारीही घेऊन आला होता, मशीनगनसकट, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. बागेत जायचा बोळ इतका चिंचोळा, की मोटारी आत शिरेनात. म्हणून त्या बाहेर राहिल्या. नंतर हंटर समितीपुढे डायरची साक्ष झाली, तेव्हा समितीतले मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला थेट विचारलं, की बोळ पुरेसा रुंद असता तर मशीनगनने गोळीबार केला असता का? डायरचं उत्तर होतं, बहुधा हो.

हे मी रात्री वाचलं. दुसऱ्या दिवशी, सवयीने, वहीत नव्या लढाईचं पान आखलं. आमच्या प्रत्येक लढाईचं एक पान असतं. 'बाजू अ', 'बाजू ब', प्रत्येकीकडे काय आहे, प्रत्येकीने जिंकायला काय करायचं. 'बाजू अ'खाली मी लिहिलं, दोन मोटारी, पन्नास रायफली. 'बाजू ब'खाली पेन टेकवलं आणि तसाच थांबलो. तिथे लिहायला काही नव्हतं. सभेला आलेली माणसं. बैसाखीला गावात आलेली माणसं. भिंती. विहीर. त्यांनी जिंकायचं म्हणजे काय करायचं? मी पान फाडलं.

मग १९३० आलं. २३ एप्रिल, पेशावरचा किस्सा ख्वानी बाजार. खान अब्दुल गफार खान यांना अटक झाली म्हणून लोक जमले होते. चिलखती मोटारी गर्दीत घुसल्या, माणसं चाकाखाली गेली, मग गोळीबार झाला. किती मेले यावर सरकार आणि लोक यांचं कधीच जुळलं नाही. पण त्याच दिवसांत तिथे एक वेगळी गोष्ट घडली. गढवाल रायफल्सच्या सैनिकांनी निःशस्त्र पठाणांवर गोळ्या झाडायला नकार दिला. त्यांच्या पुढे होता चंद्रसिंह गढवाली. त्याला जन्मठेप झाली.

इथे मात्र दोन बाजू होत्या. इथे एक निर्णय होता आणि त्याची किंमत होती. मी मावसभावाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आपल्या नियमात हे कसं बसवशील?" आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. आमच्या नियमात सैनिक गोळी झाडत नसेल तर त्याचं एकच कारण असू शकतं. तो मनोधैर्याच्या फेकीत नापास झाला. म्हणजे घाबरला, ढिला पडला, तुकडी कामातून गेली. समोरचा निःशस्त्र आहे म्हणून बंदूक खाली ठेवणाऱ्या माणसासाठी आमच्या वहीत रकानाच नव्हता. त्या दिवशीच्या पेशावरात ज्याचं मनोधैर्य सगळ्यात मोठं, तो आमच्या फाशाच्या हिशोबात भित्रा ठरत होता.

खेळाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. बुद्धिबळातही दोन्हीकडे सोळा-सोळा मोहरी असतात म्हणूनच तो खेळ आहे. दोघांनाही थोडी तरी संधी हवी, नाहीतर डाव मांडता येत नाही. पण त्यामुळे एक गंमत होते. जे मांडता येतं तेवढंच आपण युद्ध समजायला लागतो. डेंबेगिना, ग्वादालाहारा, ऑर्लिकचा टीकेएस, सगळं खरंच घडलं. पण हलक्या चिलखतीची कितीतरी वर्षं अशा ठिकाणी गेली, जिथे समोर फक्त लोक होते. तिथे ती हरत नव्हती. सरकारं ती कशाला बाळगत होती, हे तिथे कळतं.

एच. जी. वेल्सने १९०३मध्ये जमिनीवर चालणाऱ्या लोखंडी युद्धनौकांची कथा लिहिली होती, रणगाडा जन्माला यायच्या बरीच आधी. त्यानेच १९१३मध्ये शिशाच्या सैनिकांनी जमिनीवर खेळायच्या युद्धाच्या नियमांचं पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की छोटं युद्ध खेळून बघा, म्हणजे खरं मोठं युद्ध किती धांदरटपणाचं असेल ते कळेल. पुढच्याच वर्षी ते मोठं युद्ध सुरू झालं.

आम्ही अजून खेळतो. डेंबेगिना तर आता चार वेळा झाली, त्यात एकदा मी जिंकलोसुद्धा. मनोधैर्याच्या रकान्याचं नाव मावसभावाने खोडून 'टिकून राहतील का?' असं केलंय. रोल्स-रॉइस मी रंगवली. मनोऱ्याच्या कडेला गंजही काढला. ती टेबलावर येते ती समोर बंदुका असतील तेव्हाच. एरवी ती कपाटात असते, आणि तिच्याशेजारी वहीतल्या फाटलेल्या पानाचा अर्धा तुकडा, ज्यावर 'बाजू ब' एवढंच लिहिलंय.