ऑर्व्हिएतो : रोमहून एका दिवसाची रेल्वेयात्रा

रोमच्या यात्रेस जाणाऱ्या भाविकांचा बहुतेक वेळ संत पेत्राचे महामंदिर आणि शहरातील इतर मोठी ख्रिस्तमंदिरे पाहण्यात जातो. त्यांतून एक दिवस मोकळा काढता आला, तर तो उंब्रिया प्रांतातील ऑर्व्हिएतो या लहानशा गावासाठी राखून ठेवावा. ख्रिस्तशरीराचा सण संपूर्ण ख्रिस्तसभेने पाळावा, असे आज्ञापत्र याच गावातून निघाले.

प्रवास

रोमच्या तेर्मिनी स्थानकातून फ्लोरेन्सच्या दिशेने जाणाऱ्या प्रादेशिक गाड्या सुमारे सव्वा ते दीड तासात ऑर्व्हिएतोला पोहोचतात. कागदी तिकीट असल्यास गाडीत चढण्यापूर्वी स्थानकावरील यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा. अन्यथा दंड होऊ शकतो. रेल्वे स्थानक पायथ्याशी आहे आणि जुने गाव ज्वालामुखीजन्य दगडाच्या उंच, सपाट कड्यावर वसलेले आहे. स्थानकासमोरूनच फ्युनिक्युलर ही दोराने ओढली जाणारी रेल्वे काही मिनिटांत कड्यावरील काहेन चौकात नेते. तेथून कॅथेड्रलपर्यंत लहान बस मिळते किंवा पायी जाता येते.

सणाचा इतिहास

परंपरा सांगते, की १२६३ साली एक धर्मगुरू रोमच्या यात्रेस निघाला होता. पवित्र भाकरीत प्रभू येशू खरोखर उपस्थित आहे काय, या शंकेने त्याचे मन व्याकूळ झाले होते. बोल्सेना येथील संत क्रिस्तिनाच्या मंदिरात तो मिस्सा अर्पण करीत असता पवित्र भाकरीतून रक्त ठिबकले व वेदीवरील कॉर्पोरल वस्त्रावर त्याचे डाग पडले. त्या वेळी पोप चौथे उर्बन ऑर्व्हिएतो येथे राहत होते; ते वस्त्र त्यांच्याकडे आणण्यात आले.

११ ऑगस्ट १२६४ रोजी पोप महोदयांनी सणाचे आज्ञापत्र काढले. मात्र त्या आज्ञापत्रात बोल्सेनाच्या घटनेचा उल्लेख नाही, हे भाविकांनी ध्यानात घ्यावे. सणाचे मूळ त्याहून जुने आहे. बेल्जियममधील लिएज येथील संत ज्युलियाना यांच्या आग्रहावरून तेथील बिशपांनी १२४६ साली आपल्या धर्मप्रांतासाठी हा सण सुरू केला होता आणि पोप उर्बन हे पूर्वी लिएज येथेच आर्चडीकन होते. म्हणजे या सणाचा पाया केवळ एका चमत्कारावर नव्हे, तर ख्रिस्तसभेच्या श्रद्धेवर उभा आहे. सणाची उपासना संत थॉमस अक्विनास यांनी रचली, असे मानले जाते. त्या काळी ते ऑर्व्हिएतो येथे अध्यापन करीत होते. त्यातील ‘पांजे लिंग्वा’ या स्तोत्राची शेवटची दोन कडवी आजही पवित्र साक्रामेंताच्या आशीर्वादाच्या वेळी गायिली जातात.

काय पाहावे

कॅथेड्रलचे बांधकाम १२९० साली सुरू झाले. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांच्या भिंती आणि शिल्पांनी नटलेला दर्शनी भाग लक्ष वेधून घेतो. आत डावीकडील कॉर्पोरल चॅपलमध्ये ते वस्त्र जतन केले आहे. त्यासाठी उगोलिनो दी व्हिएरी यांनी १३३७-३८ साली चांदी व मीनाकारीची मंजुषा घडविली. उजवीकडील सान ब्रित्सिओ चॅपलमध्ये लुका सिन्योरेल्ली यांची अंतिम न्यायाची भित्तिचित्रे आहेत. ख्रिस्तशरीराच्या सणाला हे वस्त्र मिरवणुकीने गावातून नेले जाते.

काहेन चौकाजवळ संत पॅट्रिकची विहीर आहे. १५२७ साली रोम लुटले गेल्यावर पोप सातवे क्लेमेंट यांनी येथे आश्रय घेतला व वेढा पडल्यास पाणी मिळावे म्हणून ही विहीर खोदविली. उतरण्याचा व चढण्याचा जिना वेगळा असल्याने पाणी वाहणारी खेचरे समोरासमोर येत नसत. एका जिन्याला २४८ पायऱ्या आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी वरूनच पाहावे.

काही सूचना

खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. रस्ते दगडी असल्याने पादत्राणे भक्कम असावीत. बोल्सेनाला रेल्वे जात नाही, म्हणून दोन्ही गावे एका दिवसात उरकण्याची घाई करू नये. प्रथम कॉर्पोरल चॅपलमध्ये जावे आणि छायाचित्रे काढण्याआधी तेथे काही वेळ शांतपणे प्रार्थना करावी. शंकेने ग्रासलेला तो धर्मगुरू अखेर वेदीपाशीच उभा राहिला होता, याचे स्मरण तेथे अवश्य करावे.